थ्री-नॉट-थ्रीचे लाकूड

बंदूक म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे लोखंड येते. नळी, चाप, काडतूस आणि आवाज. पण ज्यांनी कधी काळी एनसीसीच्या कवायतीत किंवा पोलीस मुख्यालयाच्या मैदानावर थ्री-नॉट-थ्री रायफल खांद्यावर घेतली आहे, त्यांना विचारून पाहा. त्यांच्या हाताला आठवते ते लाकूड. तेल पिऊन काळपट पडलेले, उन्हात तापलेले, पावसाळ्यात किंचित फुगलेले. सुमारे चार किलो वजनाच्या त्या रायफलीत लोखंडाला थेट हात लागायचा तो बोल्ट, मॅगझिन आणि चाप यांच्यापुरता. बाकी सगळी पकड लाकडाचीच.

इंग्रजीत बंदुकीच्या या लाकूडकामाला ‘फर्निचर’ म्हणतात. खुर्ची-टेबलांचा शब्द बंदुकीला लावलेला पाहून प्रथम गंमत वाटते. पण या रायफलीचा इतिहास जसजसा वाचत गेलो, तसतसा तो शब्द मला फारच योग्य वाटू लागला. कारण सुताराच्या हातातली वस्तू जशी वागते, तसेच हे लाकूड वागते. ते आकसते, फुगते, पीळ धरते, सांध्यात अडून बसते, आणि घाई केली की फुटते. रायफलीचे लोखंडी भाग कारखान्यात हजारांनी एकसारखे निघू लागले त्याला दीडशेहून अधिक वर्षे झाली. तिचे लाकूड मात्र शेवटपर्यंत एकेका बंदुकीला हाताने बसवावे लागले. आज मला बोलायचे आहे ते या अडून बसणाऱ्या लाकडाबद्दल आणि ते बदलणाऱ्या हातांबद्दल.

थोडे मागे जाऊ. १८५१ साली लंडनमध्ये मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते. तिथे अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातील रॉबिन्स अँड लॉरेन्स या कंपनीने काही रायफली मांडल्या. त्यांचे वैशिष्ट्य असे, की एकीचा भाग काढून दुसरीला लावला तरी तो बसत असे. आज आपल्याला यात काही नवल वाटत नाही. स्कूटरचा सुटा भाग दुकानातून आणून लावण्याची आपल्याला सवय आहे. पण त्या काळी बर्मिंगहॅमच्या बंदुका कारागिरांच्या हातांनी घडत, आणि प्रत्येक बंदूक शेजारणीपेक्षा केसभर वेगळी असे. ब्रिटिश सरकार जागे झाले. १८५४ मध्ये जॉन अँडरसन आणि त्यांचे सहकारी अमेरिकेला जाऊन कारखाने पाहून आले, यंत्रे मागवली गेली आणि लंडनच्या उत्तरेला एनफिल्ड येथील सरकारी कारखान्यात ती बसवली गेली.

त्या यंत्रांत सर्वांत अजब यंत्र लाकडासाठीच होते. टॉमस ब्लँचर्ड या अमेरिकन माणसाने १८१९-२० च्या सुमारास ते तयार केले होते. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला चावीवाला बसतो ना, तसेच तत्त्व. जुनी चावी एका बाजूला, कोरी पट्टी दुसऱ्या बाजूला. टोक जुन्या चावीच्या खाचांवरून फिरते आणि कानस तशाच खाचा पाडते. ब्लँचर्डच्या यंत्रात बंदुकीच्या दस्त्याचा लोखंडी नमुना एकीकडे फिरे, त्यावरून चाक सरके आणि शेजारी फिरणाऱ्या लाकडाच्या ठोकळ्याला पाती त्याच आकारात कापत जाई. दस्त्यासारखी वाकडीतिकडी वस्तू कुशल हाताशिवाय घडू शकते, हे जगाने पहिल्यांदा पाहिले ते इथे.

एनफिल्ड हे नाव आपल्या ओळखीचे आहे. १८५७ मध्ये ज्या काडतुसांवरून ठिणगी पडली, ती याच नावाच्या १८५३ च्या नमुन्याच्या रायफलीची. तो इतिहास आपण शाळेत शिकलो. त्याची पुढची बाजू कमी सांगितली जाते. उठावानंतर हिंदी शिपायाच्या हाती मुद्दाम कमी प्रतीची शस्त्रे देण्याचे धोरण आले. दिसायला एनफिल्ड, पण नळी आतून गुळगुळीत, म्हणजे नेम दूरवर लागूच नये अशी बंदूक त्याला दिली गेली. बाहेरचे लाकूड तेच, आतली गोष्ट वेगळी. पुढे कित्येक दशके गोऱ्या शिपायाची जुनी झालेली रायफल हिंदी शिपायाकडे यायची, हा जणू रिवाजच पडला.

आता आपल्या थ्री-नॉट-थ्रीकडे येऊ. नळीचा आतला व्यास ०.३०३ इंच, म्हणून हे नाव. तिचे कागदोपत्री नाव ‘शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्ड’. जेम्स पॅरिस ली या संशोधकाची बोल्टची रचना आणि एनफिल्डची नळी, असे ते जोडनाव. ही आखूड रायफल १९०२ च्या अखेरीस स्वीकारली गेली, आणि १९०७ मध्ये तिचा ‘मार्क तीन’ हा सर्वांत गाजलेला नमुना आला. आपल्या देशात पोलिसांच्या खांद्यावर पिढ्यान्‌पिढ्या दिसली ती बहुतांशी हीच.

तिला लाकडाचे चार तुकडे असतात. मागे खांद्याला लागतो तो दस्ता. पुढे नळीच्या खालून थेट तोंडापर्यंत जाणारा लांब तुकडा. त्याला ‘फोर-एंड’ म्हणतात, आपण पुढचा दस्ता म्हणू. आणि नळीच्या वर पन्हाळीसारखे दोन तुकडे, हाताचे रक्षण करणारे. शिकवलेला शिपाई मिनिटाला पंधरा नेमाच्या गोळ्या झाडत असे. एवढे बार झाल्यावर नळीला हात लावून पाहा! लाकूड नसते तर डावा हात भाजून निघाला असता.

पुढचा दस्ता तोंडापर्यंत नेण्याला आणखी एक कारण होते. या रायफलीची सतरा इंची पात्याची संगीन नळीला अडकवत नाहीत. ती नळीच्या तोंडाशी असलेल्या लोखंडी टोपीला अडकते आणि ती टोपी लाकडाला धरून असते. म्हणजे संगिनीचा घाव बसला की त्याचा जोर नळी सोडून लाकूड घेते. नळी वाकली तर रायफल गेली. लाकूड मोडले तर बदलता येते, असा तो हिशेब.

जर्मनांच्या माउझर रायफलीचे लाकूड मागून पुढपर्यंत एकसंध असे. ली-एनफिल्डचे मधोमध तुटक. या तुटकपणाची थट्टा पुष्कळ झाली, पण मला तरी तो व्यवहारी वाटतो. एक तर त्याला लांबलचक निर्दोष फळी लागत नाही. दुसरे म्हणजे मागचा दस्ता वेगवेगळ्या लांबीचा करता येतो. बुटक्या शिपायाला आखूड, उंच शिपायाला लांब. दस्त्यावर तशी अक्षरे ठोकलेली असत. शिंपी मापे घेतो तशी बंदूक मापाने देण्याची ही सोय होती.

मग अडचण कुठे आली? ती आली सांध्यात.

गोळी सुटते तेव्हा रायफल मागे झटका देते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तो झटका पुढचा दस्ता आपल्या मागच्या टोकाशी असलेल्या दोन छोट्या लाकडी पृष्ठांवर घेतो. बोटाच्या पेराएवढी ती जागा. लोखंड तिथे लाकडाला घट्ट आणि दोन्हीकडे सारखे टेकलेले असले पाहिजे. एका बाजूला कागदाएवढी फट राहिली तरी प्रत्येक बाराला सगळा मार दुसऱ्या बाजूवर पडतो. लाकूड चेपते, मग चीर जाते, आणि त्याच्या कितीतरी आधी नेम भरकटतो. नळीच्या तोंडाशीही असाच नाजूक मामला आहे. तिथे लाकडात एक छोटी स्प्रिंग आणि खुंटी बसवलेली असते. ती नळीला खालून हलकेच वर रेटते. हा रेटा नेमका असेल तर गोळ्या एका जागी पडतात. लाकूड पावसाने फुगून नळीला कुशीतून दाबू लागले, की त्याच बंदुकीच्या गोळ्या त्याच माणसाच्या हातून भलतीकडे जातात. दोष मात्र शिपायाच्या नेमाला लागतो.

लाकूड आडव्या अंगाने आकसते आणि फुगते, उभ्या रेषेत जवळजवळ नाही, हे कुठलाही सुतार सांगेल. आता गंमत बघा. चापाच्या पुढे एक मोठा स्क्रू खालून वर जातो आणि लाकूड लोखंडाला आवळून धरतो. लाकूड प्रमाणाबाहेर चेपू नये म्हणून त्या स्क्रूभोवती लाकडात एक पोलादी नळकांडे घातलेले असते. कारखान्यातून निघताना लाकडाची जाडी आणि नळकांड्याची उंची यांचा मेळ असतो. पुढे वीस उन्हाळे जातात. लाकूड सुकून किंचित पातळ होते, पोलाद आहे तेवढेच राहते. स्क्रू आवळला की हाताला घट्ट लागतो, पण तो नळकांड्यावर घट्ट झालेला असतो. लाकूड आत सैलच. वरून सर्व ठाकठीक. परेडच्या तपासणीत अशी रायफल शंभर टक्के पास होईल.

माझ्या परिचयाचे एक निवृत्त पोलीस आर्मरर आहेत. सगळे त्यांना तात्या म्हणतात. वडील गावात सुतारकी करायचे, हे पोलिसात भरती झाले आणि शस्त्रागारात आले. पटाशी दोन्हीकडे तीच, असे ते म्हणतात. मी त्यांना विचारले, “तात्या, या रायफलीत सगळ्यात जास्त मोडतं काय?”

“पुढच्या दस्त्याचं मागचं टोक,” त्यांनी लगेच सांगितले. “आणि सर, ते गोळीनं कमी मोडतं. दुरुस्तीनं जास्त मोडतं.”

मग त्यांनी हकिकत सांगितली. एका जिल्ह्याच्या मुख्यालयात एक नवा मुलगा आर्मररच्या हाताखाली आला होता. हुशार, पण उतावळा. एका रायफलीचा मागचा दस्ता हलत होता. त्याने पितळी पट्टीचे झाकण उघडले, आत लांब स्क्रू ड्रायव्हर घातला आणि आतला बोल्ट आवळला. एवढेच केले. “आवाज आला, कट्ट. दस्ता घट्ट झाला म्हणून पोरगं खूश. मी रायफल उलटी करून बघतो तर पुढचा दस्ता मागून उभा चिरलेला. एक सैल होता तो बरा झाला, दुसरा चांगला होता तो गेला.”

असे का व्हावे? ही या रायफलीची सर्वांत प्रसिद्ध मेख आहे, आणि जगभरात जिथे जिथे ती गेली तिथे तिथे तिने माणसांना फसवले आहे. मागचा दस्ता एका लांब बोल्टने धरलेला असतो. तो दस्त्याच्या पोटातून पुढे येतो आणि लोखंडी खोबणीत फिरून बसतो. लढाईच्या हादऱ्यांनी तो आपोआप सैल होऊ नये म्हणून त्याचे पुढचे टोक चौकोनी केलेले असते, आणि ते चौकोनी टोक पुढच्या दस्त्याच्या मागच्या बाजूला असलेल्या एका छोट्या पट्टीच्या खाचेत अडकते. कुलूपच म्हणा ना. पुढचा दस्ता जागेवर असेपर्यंत मागचा बोल्ट फिरूच शकत नाही. जोर लावून फिरवला तर ते चौकोनी टोक आतून पाचरीसारखे काम करते आणि पुढचे लाकूड फोडते. म्हणून नियम असा, की मागच्या दस्त्याला हात लावायचा असेल तर आधी पुढचा दस्ता उतरवा. बाहेरून पाहणाऱ्याला हा नियम उफराटा वाटतो, कारण दोन लाकडांचा एकमेकांशी संबंध असल्याचे वरून काही दिसत नाही.

त्यात आणखी एक बारकावा. दस्त्याच्या पोकळीत तेलाची बाटली आणि नळी पुसायची दोरी ठेवत. बाटली बोल्टवर खडखडू नये म्हणून मध्ये चामड्याची चकती असे. ती न काढता स्क्रू ड्रायव्हर रेटला तर तो बोल्टच्या खाचेत न बसता बाजूला सरकतो आणि मागचा दस्ता आतून फाकवतो. म्हणजे दोन्हीकडून नुकसान. पुढे ‘नंबर चार’ ही सुधारित रायफल आली, तिच्यात बोल्टखाली साधे स्प्रिंग वॉशर घालून हे चौकोनी टोकाचे कुलूप काढून टाकले गेले. कारखान्यातल्या लोकांनाही ती मेख कळली होती तर! पण नंबर चार इंग्लंडमध्ये अधिकृत झाली १९३९ मध्ये. हिंदुस्थानात कारखाने जुन्याच नमुन्याला धरून राहिले.

पुढचा दस्ता उतरवणे हेही मोठे सबुरीचे काम. बोल्ट आणि मॅगझिन बाजूला, मग तोंडाची टोपी, वरच्या पन्हाळ्या, मधला पट्टा, चापाच्या कड्याचे स्क्रू. नळीखाली लाकडात दडलेला एक बारका स्क्रू आणि त्याची स्प्रिंग असते, ती नवख्या माणसाला हमखास विसरायला होते. हे सगळे निघाले तरी वर्षानुवर्षे तेल आणि मळ पिऊन बसलेले लाकूड सहज सुटत नाही. अशा वेळी समोरच्या टोकाला धरून खाली ओढण्याचा मोह होतो. नळीइतकी लांबी, तरफेसारखा जोर, आणि तो सगळा जोर पुन्हा त्या मागच्या नाजूक कोपऱ्यांवर! तात्या म्हणतात, “दोन्ही टोकं बरोबर खाली आली पाहिजेत. पाळण्यातून पोर काढतो तसं.” लाकडी मोगरीने आलटून पालटून हलके ठोके द्यायचे, थांबायचे, पाहायचे. एक दिवस लागला तर लागू दे.

आणि नवे लाकूड आणले म्हणजे ते बसले असे नाही. ब्लँचर्डच्या वारसांनी यंत्रावर घडवलेला दस्तासुद्धा टेकायच्या जागी थोडा जाड ठेवलेला असतो, कारण ती जागा प्रत्येक रायफलीला हाताने जुळवायची असते. जगभरचे बंदूकसुतार यासाठी एकच युक्ती वापरत आले आहेत. लोखंडाला काजळी आणि तेलाचा पातळ हात द्यायचा, ते लाकडावर दाबून उचलायचे. जिथे काळा ठसा उमटेल तिथे लाकूड उंच आहे, तेवढेच खरवडायचे. पुन्हा दाबायचे, पुन्हा पाहायचे. पटाशीचा एक घाव जास्त पडला की फट राहिली. मग दुसरे कसबी लाकूड त्या जागी तासून बसवणे आले. तात्यांकडे ठिगळ लावलेला एक जुना दस्ता आहे. मी तो हातात घेऊन बराच वेळ पाहत होतो, तेव्हा कुठे सांधा सापडला.

ज्या रायफलीसाठी ही मेहनत करायची ती नेमकी कुठल्या लाकडाची? मूळचे लाकूड अक्रोडाचे. आपल्याकडचे श्रोते विचारतील, सागवान का नाही? सागवान टिकाऊ खरे, वाळवीला आणि पाण्याला दाद न देणारे. पण आघात सोसण्यात ते अक्रोडाच्या मागे पडते आणि रेषेवर फुटते. अक्रोड वजनाला बेताचा, धक्का पचवणारा, एकदा नीट वाळला की फारसा पीळ न धरणारा आणि पटाशीखाली स्वच्छ कापला जाणारा. काश्मीर आणि हिमालयातला अक्रोड बंदुकीच्या दस्त्यांसाठी फार पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. या लाकडाला कच्चे जवसाचे तेल पाजत. आपल्याकडे ज्या जवसाची चटणी करतात, त्याच जवसाचे. ते लाकडात मुरते, सावकाश घट्ट होते आणि ओल बाहेर थोपवते. शिपाई ते तळहाताने चोळत. बंदुकीचे साधे वंगणाचे तेल मात्र लाकडाचा शत्रू. ते सुकत नाही, मुरत राहते आणि त्या टेकायच्या जागा मऊ करून टाकते. बंदुकीची काळजी घेतो म्हणून सढळ हाताने तेल ओतणारा शिपाई नकळत तिचे लाकूड कुजवत असतो.

महायुद्धांनी अक्रोडाची चैन संपवली. इंग्लंडने बीच आणि बर्च ही लाकडे घेतली. ऑस्ट्रेलियातील लिथगो येथे १९१२ मध्ये सुरू झालेल्या कारखान्याने स्थानिक ‘कोचवूड’ घेतले. ते हलके आणि मऊ. झटक्याने चेपू लागले, तेव्हा तिथल्या लोकांनी टेकायच्या जागी तांब्याच्या छोट्या पट्ट्या बसवल्या. लाकडाचा उणेपणा धातूने भरून काढला.

आपल्याकडे हे काम बंगालमध्ये, कोलकात्याच्या उत्तरेला हुगळीकाठी असलेल्या इछापूरला होई. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून तिथे कंपनी सरकारचा बंदुकीच्या दारूचा कारखाना होता. त्या जागी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, १९०४ च्या सुमारास, रायफल कारखाना आला. काडतुसे आपल्या खडकीच्या कारखान्यातही होत. त्याची स्थापना १८६९ ची.

पण तरीही पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा हिंदी फौज मागच्याच नमुन्यांवर होती. १९१४ च्या सप्टेंबरअखेर ती फ्रान्सच्या मार्सेलिस बंदरात उतरली. चारच वर्षांपूर्वी सावरकरांनी बोटीतून उडी घेतली होती, तेच हे मार्सेलिस. तिथे शिपायांच्या जुन्या रायफली काढून घेऊन मार्क तीनच्या नव्या रायफली दिल्या गेल्या, कारण युरोपात वापरायचे नवे काडतूस जुन्या रायफलींच्या नेमपट्टीला जुळत नव्हते. त्या फौजेत खडकीच्या सॅपर्सच्या दोन तुकड्या होत्या. ऑक्टोबरच्या अखेरीस न्यूव्ह शापेलला त्या याच अनोळखी रायफली घेऊन लढल्या आणि त्यांतले फार थोडे धडधाकट परतले. ज्या बंदुकीचा दस्ता अजून गालाला सरावला नाही ती घेऊन चिखलात उतरायचे म्हणजे काय, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

इछापूरच्या कारागिरांनी या लाकडासाठी जो उपाय काढला, तो तांब्याच्या पट्टीपेक्षाही साधा आहे. चापाच्या कड्याच्या पुढच्या स्क्रूमागे, जिथे लाकूड हमखास चिरते, तिथे त्यांनी पुढच्या दस्त्यातून आडवा एक स्क्रू आरपार घातला. दोन्ही भिंती एकमेकींना बांधल्या गेल्या. फळी फाकू लागली की आपला सुतार आडवी खीळ मारतो, तेच. नव्या रायफलींना तर त्यांनी तो घातलाच, पण इंग्लंडमध्ये बनून दुरुस्तीसाठी आलेल्या रायफलींनाही घातला. ज्या रायफलींच्या तोंडाला पेला लावून हातबाँब फेकत, त्यांचे लाकूड झटक्याने फुटे. अशांच्या पुढच्या दस्त्याला तारेचे घट्ट वेढे दिलेले असत. आपल्याकडे कोयत्याच्या मुठीला तार गुंडाळतात, अगदी तसेच ते दिसते.

स्वातंत्र्यानंतरही हे काम थांबले नाही. इछापूरला ही रायफल बनतच राहिली, आणि १९६० च्या दशकात तिचाच ७.६२ मिलिमीटरचा अवतार तिथे निघाला. पोलाद बदलले, मॅगझिन बदलले. लाकडाची रचना जवळपास तीच राहिली. सैन्याकडे नव्या रायफली गेल्या तसतशा जुन्या थ्री-नॉट-थ्री पोलिसांकडे आल्या. १८५७ नंतरचा तो रिवाज आठवतो का? एकाने वापरून झाले की दुसऱ्याला. माणसे बदलली, पण उतरण तीच.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ घेऊन दोघे शिरले. समोरच्या पोलिसांपैकी काहींच्या हाती थ्री-नॉट-थ्री होत्या, काहींच्या हाती नुसत्या लाठ्या. पन्नासहून अधिक माणसे तिथे गेली. त्यानंतर या रायफलीवर पुष्कळ लिहिले गेले आणि ‘पुराणवस्तू’ हा शब्द सर्रास वापरला गेला. एका बाराला एकदा बोल्ट ओढायची रायफल आणि एके-४७ यांची बरोबरी होऊच शकत नाही, हे उघड आहे. नवी शस्त्रे हवीच होती. पण मला त्या चर्चेत एक प्रश्न कुठे ऐकू आला नाही. पोलिसांकडच्या त्या हजारो रायफलींचे लाकूड उतरवून आत शेवटचे कोणी आणि कधी पाहिले होते? नळीचा गंज दिसतो. आत चेपलेले लाकूड दिसत नाही, आणि ती रायफल घेऊन उभ्या राहिलेल्या हवालदाराला आपली गोळी कुठे जाणार हे ठाऊक नसते. तात्यांना मी हे विचारले. ते म्हणाले, “माणूस असला तर उघडणार ना सर! आमच्या मागं त्या कामाला सुतार कुणी आलाच नाही.”

२०२० च्या प्रजासत्ताक दिनी उत्तर प्रदेश पोलिसांनी या रायफलीला संचलनात निरोप दिला. एनफिल्डचा मूळ कारखाना १९८८ मध्येच बंद झाला होता. इछापूरचा कारखाना मात्र आहे. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ बरखास्त झाले तेव्हापासून तो एका सरकारी कंपनीकडे आहे.

आपल्याकडच्या कितीतरी जुन्या रायफली दरम्यान परदेशी संग्राहकांकडे गेल्या. अमेरिकेत, कॅनडात, इंग्लंडमध्ये हौशी माणसे आज त्या उघडायला बसतात आणि त्याच अडून बसलेल्या लाकडाशी झटतात. कोणी आधी मागचा बोल्ट फिरवतो आणि व्हायचे तेच होते. त्यांच्या बोलीत एक शब्द रूढ झाला आहे, ‘इशापूर स्क्रू’. रायफलीवर इंग्लंडचा शिक्का असला आणि पुढच्या दस्त्यात तो आडवा स्क्रू दिसला, की ते ओळखतात, ही हिंदुस्थानातून आलेली. तो स्क्रू घालणाऱ्या कारागिराचे नाव त्यांना माहीत नाही. लाकूड मात्र तिथे चिरलेले नसते.